ताबा कुणाचा सुटला? क्वाड बाइक, शेत आणि पन्नास वर्षांचा एक वाद

१/
‘चालकाचा ताबा सुटल्याने ट्रॅक्टर उलटला, शेतकरी जागीच ठार.’ मराठी वृत्तपत्र वाचणाऱ्या कुणालाही हे वाक्य अनोळखी नाही. ऊसतोडणीच्या हंगामात तर ते दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या पानावर भेटते. बातमीदार ते सवयीने लिहितो, आपण ते सवयीने वाचतो. परंतु या साध्या वाक्यात एक निवाडाही दडलेला आहे. ताबा सुटला तो चालकाचा. यंत्र नुसते उलटले. ते इतक्या सहज का उलटले, आणि उलटल्यावर चालकाला वाचवील असे त्यावर काही का नव्हते, हे प्रश्न त्या वाक्याला पडतच नाहीत. आजचा धागा या निवाड्याच्या इतिहासाविषयी आहे.

२/
त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते क्वाड बाइकचे. चार फुगीर चाके, मोटारसायकलसारखे हँडल, घोड्यावर बसावे तशी टांग टाकून बसण्याची जागा. आपल्याकडे ही गाडी बहुतेकांनी अलिबागच्या किनाऱ्यावर किंवा लोणावळ्याच्या आसपास पाहिलेली असते. पैसे द्यायचे, दोन फेऱ्या मारायच्या, फोटो काढायचे. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटनचा डोंगराळ भाग आणि अमेरिकेतील कुरणांचा प्रदेश येथे मात्र ती गेली चार दशके शेतीचे अवजार आहे. मेंढ्या वळायच्या, कुंपण तपासायचे, तणनाशक फवारायचे, चारा टाकायचा, हे सारे तिच्यावरून होते. आणि ती कामाच्या जागी माणसे मारते.

३/
एक अवांतर. श्रमांचा इतिहास म्हटला की आमच्या वर्गात गिरणगाव येते, खाणी येतात, रेल्वे आणि गोदी येते. शेतातला अपघात क्वचितच येतो. कारण उघड आहे. गिरणीत मजूर जखमी झाला की हजेरीपट असतो, युनियन असते, निरीक्षकाचा अहवाल असतो. शेतात एकटा माणूस टेकडीमागे गाडीखाली सापडतो आणि संध्याकाळी तो जेवायला आला नाही म्हणून घरचे शोधायला निघतात. ज्याचा कागद नाही त्याचा इतिहास लिहिणे अवघड असते. क्वाड बाइकच्या बाबतीत मात्र असा कागद निर्माण झाला, आणि तो कसा निर्माण झाला हेच पाहण्यासारखे आहे.

४/
आरंभ शेतात झाला नाही. तो झाला मोटारसायकलच्या दुकानात. १९६७ साली होंडाच्या अमेरिकी शाखेने जपानमधील अभियंत्यांकडे एक मागणी केली. हिवाळ्यात दुचाकींचा खप थंडावत असे. त्या महिन्यांत विक्रेत्यांना विकण्याजोगे काही तरी हवे होते. हे काम ओसामु ताकेउची यांच्याकडे आले. दोनपासून सहापर्यंत चाके लावून पाहण्यात आली. बर्फ, चिखल आणि वाळू या तिन्हींवर तीन चाकांची रचना चालली. खरी किमया होती ती टायरांची: अगदी कमी दाबाचे, फुग्यासारखे टायर, जे दगडावर दबत आणि चिखलावर तरंगत. १९७० मध्ये ही गाडी यूएस-९० या नावाने बाजारात आली. किंमत ५९५ डॉलर. दुसऱ्याच वर्षी ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ या चित्रपटात ती जेम्स बाँडच्या बुडाखाली दिसली.

५/
या वर्गातील वाहनांना पुढे ‘ऑल टेरेन व्हेइकल’, संक्षेपाने एटीव्ही, असे नाव रूढ झाले. म्हणजे कोणत्याही भूभागावर चालणारे वाहन. या नावाकडे जरा थांबून पाहावे. ते वर्णन आहे की वचन? नांगरलेले शेत, ओलसर उतार, गवतात दडलेला खड्डा, हे सारे ‘ऑल’मध्ये येते. ऑस्ट्रेलियातील सुरक्षा अभ्यासकांनी पुढे या नावालाच हरकत घेतली आणि ‘क्वाड बाइक’ हाच शब्द वापरावा असा आग्रह धरला, तो याच कारणाने.

६/
१९८० च्या दशकाच्या आरंभी दोन बदल घडले. होंडाने ‘बिग रेड’ नावाचे तीनचाकी मॉडेल आणले, ज्यावर पुढेमागे सामान लादण्यासाठी जाळ्या होत्या. खेळण्याला पाठीवर ओझे घेता येऊ लागले. आणि १९८२ च्या सुमारास सुझुकीने चार चाकांची क्वाडरनर काढली. पुढील काही वर्षांत इतर कंपन्याही चार चाकांकडे वळल्या.

शेतकऱ्यांनी ही गाडी ज्या वेगाने उचलली त्याला आर्थिक पार्श्वभूमी होती. न्यूझीलंडचे उदाहरण बोलके आहे. १९८२ मध्ये त्या देशातील मेंढ्यांची संख्या सात कोटींच्या घरात, म्हणजे आजवरच्या उच्चांकावर होती. १९८४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने शेतीची बहुतेक अनुदाने काढून घेतली. खर्च कापल्याविना शेत टिकत नव्हते, आणि मजुरी हा कापता येण्याजोगा खर्च होता. दोन गडी आणि तीन घोडे जे काम करीत, ते एक माणूस, एक क्वाड आणि दोन कुत्री करू लागली. घोड्याला चारा लागतो, त्याला शिकवावे लागते, तो आजारी पडतो. क्वाडला पेट्रोल पुरते.

पण घोडा स्वतः खड्डा पाहतो. क्वाड पाहत नाही. आणि जो एकटा काम करतो त्याला गाडीखालून ओढून काढायला कुणी नसते.

७/
आता अमेरिकेकडे वळू, कारण पहिली मोठी लढाई तेथे झाली, तीही तीनचाकीवरून. तीन चाकांची गाडी वळणावर का उलटते हे समजायला पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. जमिनीला तीन बिंदूंत टेकलेल्या वस्तूचा आधार त्रिकोणी असतो; पुढच्या टोकाशी तो निमुळता. वळताना वजन बाहेरच्या बाजूला झुकते आणि पुढे त्याला पेलायला जागाच नसते. त्यात या गाड्यांच्या मागच्या दोन्ही चाकांना एकच अखंड अॅक्सल असे, डिफरन्शियल नसे. मोटारीत वळताना बाहेरचे चाक अधिक फिरते, आतले कमी. ही सोय डिफरन्शियल करते. ती नसली की आतले चाक घसरवल्याशिवाय गाडी वळत नाही. म्हणून चालकाने अंग बाहेर झोकून आतल्या चाकावरचा भार हलका करायचा, असे शिकवले जाई. सायकल किंवा मोटार चालवणाऱ्याची सहजप्रवृत्ती नेमकी याच्या उलट असते.

८/
मृत्यू आणि जखमींचे आकडे वर्षागणिक चढत गेले. दशकाच्या मध्यावर अमेरिकेत या वाहनांमुळे दरवर्षी शेकडो माणसे मरत होती, आणि त्यांत मुलांचे प्रमाण मोठे होते. तेथील ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचा आयोग १९८५ पासून चौकशी करीत होता. १९८७ च्या डिसेंबरात सरकारने होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस या पाच कंपन्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. एप्रिल १९८८ मध्ये उभयपक्षी संमतीने हुकूमनामा झाला. नव्या तीनचाकींची विक्री थांबली. मोठ्या इंजिनाच्या गाड्या सोळा वर्षांखालील मुलांसाठी विकू नयेत असे ठरले. खरेदीदारांना मोफत प्रशिक्षण आणि ठळक इशारे द्यायचे ठरले. मुदत दहा वर्षे.

९/
या हुकूमनाम्यात जे नव्हते तेही तितकेच महत्त्वाचे आहे. आधी विकलेल्या तीनचाकी परत घ्याव्यात, ग्राहकांचे पैसे द्यावेत, असे कलम त्यात नव्हते. त्या गोठ्यांत आणि गॅरेजांत तशाच राहिल्या. चार चाकांच्या गाडीची स्थिरता किमान किती असावी याचे बंधन नव्हते. भर होता तो इशारा, वय आणि प्रशिक्षण यांवर. म्हणजे वागणूक सुधारायची होती चालकाची. तीनचाकी गेली आणि ‘ताबा’ या कल्पनेचे ओझे तसेच चारचाकीच्या चालकावर येऊन बसले.

उद्योगाने यासाठी एक संज्ञाही रूढ केली होती. क्वाड हे ‘चालक-सक्रिय’ वाहन आहे: चालकाने सतत अंगाचा तोल बदलत राहणे हा त्याच्या रचनेचाच भाग आहे. तांत्रिक दृष्ट्या हे खोटे नाही. पण त्याचा तार्किक शेवट पाहा. तोल सांभाळणे जर चालकाचे काम, तर प्रत्येक उलटणे ही चालकाची चूक. या व्याख्येत यंत्राचा दोष सिद्ध होण्याची जागाच शिल्लक राहत नाही. माझ्या मते या साऱ्या वादातील सर्वांत प्रभावी हत्यार ही व्याख्याच होती.

१०/
शेतात ती कशी लागू पडावी? क्रीडामैदानावरचा तरुण हेल्मेट घालून, दोन्ही हात हँडलवर ठेवून अंग झोकतो. शेतकरी साठीचा असू शकतो. त्याच्या मागे फवारणीची टाकी असते, आणि अर्धी रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक घातक, कारण उतारावर आतले पाणी एका बाजूला धावते. पुढच्या जाळीवर कोकरू असते. त्याची नजर रस्त्यावर नसते, कळपावर असते. तो ताशी दहा-पंधरा किलोमीटर वेगाने जात असतो. एक चाक दगडावर चढते आणि गाडी सावकाश, जवळजवळ सभ्यपणे, कलंडते.

११/
पुढचा भाग वाचायला त्रासदायक आहे, पण तो टाळता येणार नाही. ऑस्ट्रेलियातील मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास झाला तेव्हा दिसले की शेतावर मेलेल्यांपैकी अनेकांच्या शरीरावर जीवघेणा आघात नव्हता. ते गुदमरून मेले होते. कामाच्या क्वाडचे वजन तीनशे किलोंच्या आसपास असते. ती छातीवर किंवा पाठीवर येऊन स्थिरावली की हाड मोडतेच असे नाही, पण छाती फुगत नाही. माणूस शुद्धीवर असतो आणि त्याला श्वास घेता येत नाही. गाडी चार बोटे वर उचलली गेली असती तर तो उठून घरी गेला असता. अशा मृत्यूपुढे हेल्मेटचा उपाय अपुरा ठरतो. हेल्मेट घालावेच, त्याने डोके वाचते, श्वास मात्र वाचत नाही.

अमेरिकेतही १९९२ ते २००७ या काळात कामावर असताना एटीव्हीमुळे झालेल्या २९७ मृत्यूंची नोंद अभ्यासकांनी काढली. त्यांतील निम्म्याहून अधिक शेतीतले होते.

१२/
मग कामगार कायदे काय करीत होते? अमेरिकेत कामाच्या जागेच्या सुरक्षेसाठी १९७० चा कायदा आणि त्याखालील यंत्रणा, ओशा, आहे. परंतु १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेथील संसद दरवर्षीच्या खर्चमंजुरीत एक अट घालत आली आहे: दहा किंवा त्याहून कमी नोकर असलेल्या शेतावर ओशाने आपला पैसा खर्च करू नये. म्हणजे तपासणी नाही, दंड नाही. बहुसंख्य शेते या अटीत बसतात. शिवाय मरणारा अनेकदा मालक स्वतःच असतो, किंवा त्याचा मुलगा, किंवा सासरा. मालक-मजूर या नात्यावर उभा असलेला कायदा अशा घरात शिरतच नाही. आपलाही १९४८ चा कारखाने अधिनियम शेताच्या बांधापाशी थांबत असे, हे येथे नमूद करून पुढे जाऊ.

१३/
या कोंडीतून वाट आहे, हे मात्र जगाला आधीच ठाऊक होते. त्यासाठी क्वाडच्या जन्माच्याही मागे, ट्रॅक्टरकडे जावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात ट्रॅक्टर झपाट्याने वाढले आणि त्यांखाली चिरडून मरणारेही. ‘उतारावर जपून चालवा’ हा उपदेश तेव्हाही होता. स्वीडनने वेगळा प्रश्न विचारला: ट्रॅक्टर उलटणारच असे धरून चाललो तर? चालकाच्या भोवती अशी चौकट बसवता येईल का, की गाडी कलंडली तरी त्याच्यापुरती जागा शिल्लक राहील? तेथील अभियंत्यांनी जड लोलक चौकटीवर आदळवून तिची ताकद मोजण्याची पद्धत बसवली. १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट किंवा केबिन सक्तीची होऊ लागली. स्वीडनमध्ये दर लाख ट्रॅक्टरांमागे उलटून होणारे मृत्यू १९५७ मध्ये १७ होते. १९९० मध्ये ते ०.३ वर आले.

या तीन दशकांत स्वीडनचे शेतकरी काही अधिक सावध झाले नव्हते. ट्रॅक्टर उलटतच होते.

१४/
अमेरिकेत जॉन डिअर कंपनीने १९६६ मध्ये आपली ‘रोल-गार्ड’ चौकट आणली आणि तिची रचना इतर उत्पादकांनाही मोफत खुली केली. औद्योगिक इतिहासात असे औदार्य विरळा. तरीही ग्राहक ती विकत घेईनात. जादा पैसे, अडगळ, ‘मला काय होतंय’. ओशाचा नियम आला तो ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या ट्रॅक्टरांसाठी, आणि तोही नोकर चालवत असतील तरच. कंपन्यांनी सर्व नव्या ट्रॅक्टरांवर चौकट देण्याचे स्वेच्छेने स्वीकारले ते १९८५ मध्ये. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या ट्रॅक्टरांवर चौकट बसवण्यासाठी शेतकऱ्यांना अनुदान दिले आणि बिनचौकटीचे ट्रॅक्टर तेथून वेगाने कमी झाले.

हा अनुभव ज्यांच्या गाठीशी होता, तेच लोक पुढे क्वाडकडे वळले. म्हणून निर्णायक लढाई अमेरिकेत न होता ऑस्ट्रेलियात झाली.

१५/
ट्रॅक्टरची चौकट क्वाडवर जशीच्या तशी बसत नाही. ट्रॅक्टरचालक पट्टा बांधून चौकटीच्या आत राहतो. क्वाडवर तो मोकळा असतो आणि त्याला हलावे लागते. क्वीन्सलँडमध्ये यावर एक साधा तोडगा निघाला: आसनामागे उभी केलेली, केसांच्या आकड्याच्या आकाराची लोखंडी कमान. ती गाडीला उलटण्यापासून रोखत नाही. गाडी कलंडली की कमान जमिनीत रुततो आणि गाडी पूर्ण पालथी न होता तिरकी टेकून राहते. चालकाच्या छातीपुरती पोकळी उरते. न्यूझीलंडमध्ये याच हेतूने वाकणारी, खंडाखंडांची कमान तयार झाली. या साधनांना पुढे ‘चालक संरक्षक साधन’ असे सामान्य नाव मिळाले.

१६/
उद्योगाचा विरोध कडवा होता, पण त्याला निव्वळ हटवाद म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या बाजूने कॅलिफोर्नियातील डायनॅमिक रिसर्च या संस्थेने संगणकीय प्रतिरूपांवर आधारलेले अभ्यास केले. निष्कर्ष असा की कमान काही मृत्यू टाळील, पण गाडीपासून दूर फेकल्या जाणाऱ्या चालकाला तीच लागून नव्या जखमाही होतील. जमाखर्च फारसा अनुकूल नाही. टीकाकारांनी या प्रतिरूपांच्या गृहीतकांवर बोट ठेवले. त्यांतील माणूस श्वास घेणारा होता का? गाडी अंगावर येऊन थांबली की काय होते, हे त्यात नीट मोजले होते का?

हा वाद मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून फार रोचक वाटतो. दोन्ही बाजूंकडे आकडे होते. फरक होता तो कुठल्या अपघाताला ‘नमुना’ मानायचे याचा. एका बाजूच्या मनात वेगाने उडणारा स्वार होता, दुसऱ्या बाजूच्या मनात सावकाश कलंडलेला म्हातारा.

१७/
२०१२ नंतर न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील रॅफेल ग्रझेबिएटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी निधीवर १७ वाहनांच्या हजाराहून अधिक चाचण्या घेतल्या. गाडी किती अंशांवर कलते, कशी वळते, उलटल्यावर कुठे टेकते. मोटारींना सुरक्षेचे तारे देतात तसे क्वाडनाही द्यावेत, अशी त्यांची मांडणी होती. त्याच सुमारास कोरोनरही पुढे सरसावले. संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूची चौकशी करणारा हा न्यायिक अधिकारी. मुंबईतही गेल्या शतकाच्या अखेरपर्यंत हे पद होते. २०१५ मध्ये न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या दोन्ही राज्यांत क्वाडमुळे झालेल्या अनेक मृत्यूंची चौकशी एकत्र करण्यात आली.

एकत्र हा शब्द येथे महत्त्वाचा. सुटा मृत्यू नेहमी चालकाची चूक वाटतो: त्याने वळण घाईत घेतले, तिने हेल्मेट घातले नव्हते. नऊ-दहा मृत्यू शेजारी शेजारी ठेवले की त्यांतले सारखेपण दिसू लागते. धाग्याच्या आरंभी ज्या कागदाविषयी लिहिले, तो हा.

१८/
२०१६ पासून व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स यांनी कमान बसवणाऱ्या शेतकऱ्यांना अनुदान सुरू केले. पण देशव्यापी सक्ती आली ती कामगार खात्याकडून नव्हे. ती आली स्पर्धा व ग्राहक आयोगाकडून, आणि यात एक कायदेशीर शहाणपण होते. कामगार कायदा शेतमालकाला बांधतो. म्हणजे पुन्हा चालकालाच, कारण बहुधा दोघे एकच. ग्राहक कायदा विकणाऱ्याला बांधतो. आयोगाने मांडलेली सरासरी अशी: वर्षाला सुमारे १६ मृत्यू, दररोज सहा जण तातडीच्या विभागात, त्यांतले दोन रुग्णालयात दाखल.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मानक जाहीर झाले. पहिल्या टप्प्यात, २०२० पासून, प्रत्येक नव्या गाडीवर ती किती अंशांवर कलंडते हे सांगणारी चिठ्ठी लावणे बंधनकारक झाले. दुसऱ्या टप्प्यात, ऑक्टोबर २०२१ पासून, शेतीकामाच्या सर्वसाधारण क्वाडला संरक्षक साधन सक्तीचे झाले, आणि आडव्या दिशेने किमान २८.८१ अंशांपर्यंत न कलंडण्याची अटही आली.

त्या चिठ्ठीचे महत्त्व कमी लेखू नये. पन्नास वर्षे जी गोष्ट ‘चालकाचे कौशल्य’ म्हणून ओळखली गेली, ती पहिल्यांदा गाडीचा गुणधर्म म्हणून अंशांत छापली गेली. दुकानात उभा असलेला शेतकरी दोन गाड्यांची तुलना करू शकत होता.

१९/
होंडा, यामाहा, पोलारिस यांनी कमान बसवण्याऐवजी ऑस्ट्रेलियात क्वाड विकणे थांबवले. कमानीची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही, हे त्यांचे म्हणणे कायम राहिले. शेतकऱ्यांच्या संघटनांत यावरून तट पडले नाहीत असे नाही. ओळखीची, दुरुस्तीला सोपी गाडी बाजारातून गेल्याची तक्रार खरी होती. तथापि राष्ट्रीय शेतकरी महासंघाने नियमाची बाजू घेतली होती. काही उत्पादकांनी कमानीसह गाड्या विकणे सुरू ठेवले. पुष्कळ शेतकरी मात्र दुसऱ्याच वाहनाकडे वळले.

२०/
ते वाहन म्हणजे ‘साइड-बाय-साइड’: दोघांनी शेजारी बसायचे, स्टिअरिंगचे चाक, मागे छोटा हौदा, वर पिंजरा, सीट बेल्ट. कावासाकीची म्यूल १९८८ पासून आहे, जॉन डिअरची गेटर १९९० च्या दशकापासून. दिसायला हे क्वाडपेक्षा सुरक्षित, आणि पट्टा बांधला तर आहेही. पण इतिहास येथेही सरळ रेषेत जात नाही. यामाहाच्या र्‍हायनो या मॉडेलच्या बाबतीत अमेरिकी आयोगाने पन्नासहून अधिक घटना तपासल्या, ज्यांत ४६ मृत्यू होते. काही गाड्या तुलनेने कमी वेगात, सपाट जमिनीवर वळताना उलटल्या होत्या. २००९ मध्ये कंपनीने मोफत दुरुस्तीची मोहीम काढली. मागच्या चाकांत रुंदी वाढवणारे तुकडे बसवले, मागचा स्थिरतादंड काढला. थोडक्यात, बदल गाडीत केला.

जाता जाता आपल्याशी जुळणारा एक धागा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्राने विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्याच वंशातली रॉक्सर २०१८ पासून महिंद्राने अमेरिकेत विकली, ती मोटार म्हणून नव्हे तर रस्त्याबाहेरचे वाहन म्हणून. त्यामुळे मोटारींना लागू असणारी सुरक्षेची संघीय मानके तिला लागू नव्हती. दिसायला जीप, कायद्याच्या खात्यात साइड-बाय-साइड. वाहन कुठल्या खात्यात नोंदवले जाते यावर त्यातील माणसाचे संरक्षण किती अवलंबून असते, याचे याहून सुबक उदाहरण मला सापडलेले नाही.

२१/
पट्ट्याचा प्रश्न मात्र राहतोच. कुरणाच्या शेतात दर शंभर-दोनशे मीटरला फाटक असते. उतरा, उघडा, गाडी आत घ्या, उतरा, लावा. सकाळभरात असे वीस वेळा. विसाव्या फाटकानंतर पट्टा कोण बांधतो? पिंजरा असूनही पट्टा नसला की माणूस अर्धा बाहेर फेकला जातो आणि तोच पिंजरा त्याच्यावर येतो. यावर दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक, फलक लावा: ‘पट्टा बांधा’. दुसरे, पट्टा बांधल्याशिवाय गाडी ठरावीक वेगापुढे जाऊच नये अशी यंत्रणा बसवा. दोन्ही उत्तरे आज बाजारात आहेत.

२२/
न्यूझीलंडने वेगळा मार्ग धरला. २०१० मध्ये पाइक रिव्हरच्या कोळसा खाणीत २९ जण मेले आणि त्या धक्क्याने देशाचा कामाच्या सुरक्षेचा सारा कायदाच नव्याने लिहिला गेला; तो २०१६ मध्ये अमलात आला. क्वाडवर कमान बसवण्याची तेथील नियामक जोरदार शिफारस करतो, अपघात विमा महामंडळाने तिच्या खर्चातला वाटाही उचलला. सक्ती मात्र नाही.

ऑस्ट्रेलियाचा नियमही नव्या गाड्यांना आणि परदेशातून आणलेल्या जुन्या गाड्यांना लागू आहे. देशात आधीपासून असलेल्या जुन्या क्वाडना तो लागू होत नाही. त्या आजही चालतात, बापाकडून मुलाकडे जातात, शेजाऱ्याला विकल्या जातात. ज्यांच्या मालकांनी स्वखर्चाने वा अनुदानाने कमान बसवली नाही, त्या गाड्यांवर आसनामागे अजूनही काही नाही.